तिसऱ्या ओळीतलं एक मत

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, एखाद्या ठरावावर नावानिशी मतदान झालं की त्याचा तक्ता कुणालाही पाहता येतो. वर ठरावाचं नाव आणि तारीख, खाली पक्षवार ओळी: रिपब्लिकन, डेमोक्रॅट, अपक्ष. १० ऑक्टोबर २००२ चा तक्ता मी कितीतरी वेळा उघडून बसले आहे. इराकवर लष्करी कारवाई करण्याचा अधिकार अध्यक्ष जॉर्ज बुश यांना द्यायचा की नाही, यावरचं ते मतदान. रिपब्लिकन २१५ बाजूने, ६ विरोधात. डेमोक्रॅट ८१ बाजूने, १२६ विरोधात. आणि तिसऱ्या ओळीत, अपक्ष: बाजूने कुणी नाही, विरोधात १.

वरच्या दोन ओळींतली माणसं शोधायची तर खालची नावांची लांबलचक यादी वाचावी लागते. तिसऱ्या ओळीला यादी लागत नाही. तो एक म्हणजे व्हरमाँट राज्याचे बर्नी सँडर्स. ठराव २९६ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाला, सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहानेही, तो ७७ विरुद्ध २३ असा मंजूर केला आणि पाच महिन्यांत युद्ध सुरू झालं. त्या एका मताने काही अडलं नाही. तरीही एवढ्या वर्षांनी मी ते बोट ठेवून दाखवू शकते. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. ती मोठी का वाटते, हे सांगायला मला आधी आमच्या गावाकडे यावं लागेल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. विधेयकाचं पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, राज्यपालांची संमती, हे फळ्यावर लिहून झालं तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्या आमदारांनी आजवर कुठल्या विधेयकाला विरोध केलाय?" त्या वेळी आमचे आमदार अपक्ष होते. पक्षाने तिकीट कापलं म्हणून बंडखोरी केलेले आणि निवडूनही आलेले. मुलगी चिकाटीची. दुसऱ्या आठवड्यात ती आमदारांच्या संपर्क कार्यालयातून त्यांचा कार्यअहवाल घेऊन आली. गुळगुळीत रंगीत कागद, पहिल्या पानावर कुदळ मारतानाचा फोटो. आत गाववार यादी: सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीला शेड, अंतर्गत रस्त्याचं काँक्रिटीकरण, प्रत्येकापुढे मंजूर निधी लाखांत. शेवटी तारांकित प्रश्नांची आणि लक्षवेधींची संख्या. कुठल्या विधेयकावर काय मत दिलं, याला त्या अहवालात एक ओळसुद्धा नव्हती.

ती कामं मी कमी लेखत नाही. आषाढात सरण भिजतं तेव्हा शेडचं मोल काय असतं ते गावात राहणाऱ्याला ठाऊक असतं. पण ज्या सभागृहात कायदे होतात तिथे आपण ज्याला पाठवलं, त्याने तिथे काय केलं हे त्या मुलीला हवं होतं, आणि तिला ते कुठेच मिळालं नाही. मग मी वर्गात सँडर्स यांचं मतदान मांडायला घेतलं. अपक्ष लोकप्रतिनिधीचा हिशेब किती उघडा असू शकतो, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहावं एवढाच हेतू होता. पुढे त्या हिशेबात मीच गुंतत गेले.

सँडर्स यांचं अपक्ष असणं तिकीट कापल्यामुळे आलेलं नाही. १९७० च्या दशकात ते 'लिबर्टी युनियन' या छोट्या डाव्या पक्षातर्फे व्हरमाँटमध्ये गव्हर्नरपदाच्या आणि सिनेटच्या निवडणुका लढले आणि दरवेळी पडले. तो पक्ष सोडल्यावर १९८१ च्या मार्चमध्ये बर्लिंग्टन शहराच्या महापौरपदासाठी अपक्ष उभे राहिले आणि वर्षानुवर्षं खुर्चीवर असलेल्या डेमोक्रॅट महापौरांना त्यांनी फेरमोजणीअंती अवघ्या १० मतांनी हरवलं. १९८८ मध्ये प्रतिनिधीगृहाची निवडणूक हरले, १९९० मध्ये जिंकले. अपक्ष म्हणून त्या गृहात निवडून येणारा माणूस अमेरिकेने चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. व्हरमाँटची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी, म्हणून प्रतिनिधीगृहात त्या राज्याची जागा एकच. तिथे सोळा वर्षं काढून २००७ पासून ते सिनेटमध्ये आहेत.

तिकडचं मतदान कसं होतं तेही पाहण्यासारखं आहे. प्रतिनिधीगृहात १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. सभासद आपलं कार्ड यंत्रात घालतो, बटण दाबतो, आणि अध्यक्षांच्या आसनामागच्या भिंतीवर सगळ्यांची नावं उजळतात: बाजूने असेल तर हिरवा दिवा, विरोधात लाल, नुसती हजेरी असेल तर पिवळा. वेळ साधारण पंधरा मिनिटं. तेवढ्यात मत बदलताही येतं, आणि पुढारी मंडळी भिंतीकडे बघत आपल्या लोकांच्या खांद्यावर हात टाकत फिरतात. सिनेटमध्ये अजून तोंडी हजेरी आहे. कारकून नाव पुकारतो, सिनेटर हो किंवा नाही म्हणतो, कधी नुसता अंगठा वर-खाली करतो. पद्धत कुठलीही असो, शेवटी नाव आणि त्यापुढे मत हे छापून निघतं.

सँडर्स गृहात आले आणि दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा पहिल्या आखाती युद्धाचा ठराव आला. १२ जानेवारी १९९१. २५० विरुद्ध १८३ मतांनी मंजूर, आणि त्या १८३ मध्ये १७९ डेमोक्रॅट, ३ रिपब्लिकन, १ अपक्ष. नव्या सभासदाला सल्ला देणारे पुष्कळ असतात, आणि युद्धाच्या तोंडावर विरोधात मत दे असं त्यातला कुणी फारसा म्हणत नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार कराराला, म्हणजे नाफ्टाला, त्यांनी विरोध केला. करार २३४ विरुद्ध २०० मतांनी पार पडला. कारखाने मेक्सिकोत जातील आणि कामगार देशोधडीला लागतील हे त्यांचं म्हणणं तेव्हापासून आजवर एका शब्दाने बदललेलं नाही. १९९६ मध्ये समलिंगी विवाहांना केंद्राची मान्यता नाकारणारा कायदा आला. ३४२ बाजूने, ६७ विरोधात, आणि विरोधकांत सँडर्स. त्या वर्षी तो विरोध व्हरमाँटमध्येसुद्धा मतं मिळवून देणारा नव्हता. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये पाळतीचे अधिकार वाढवणारा पेट्रियट कायदा ३५७ विरुद्ध ६६ असा झाला, तेव्हाही ते ६६ मध्ये.

इथवर वाचलं की मुलांच्या डोळ्यांसमोर पुतळा उभा राहायला लागतो. म्हणून पुढची मतं मी मुद्दाम त्याच दिवशी सांगते.

सप्टेंबर २००१ मधल्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी अध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा ठराव आला. ४२० विरुद्ध १. तो एक विरोध कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट बार्बरा ली यांचा होता. सँडर्स ४२० मध्ये होते. त्या ठरावाच्या आधारे पुढची वीस वर्षं किती देशांत कारवाया झाल्या हे आठवलं की त्या दिवशी खरं एकटं कोण होतं ते कळतं, आणि ती बाई पक्षातली होती.

१९९९ मध्ये कोसोव्होसाठी नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली. २८ एप्रिलला त्या हवाई मोहिमेला पाठिंबा देणारा ठराव प्रतिनिधीगृहात आला आणि २१३ विरुद्ध २१३ असा बरोबरीत अडकून पडला. बाजूच्या २१३ मध्ये १८१ डेमोक्रॅट, ३१ रिपब्लिकन आणि १ अपक्ष. आयुष्यभर युद्धविरोधी म्हणून ओळखला गेलेला माणूस या वेळी बॉम्बफेकीच्या बाजूने उभा होता. अल्बेनियन लोकांचा वंशविच्छेद थांबायला हवा, हे त्यांचं कारण. त्यांच्याच जुन्या साथीदारांनी बर्लिंग्टनमधल्या कार्यालयात ठिय्या दिला आणि पोलिसांना त्यांना तिथून उचलून न्यावं लागलं. पक्षातल्या माणसावर अशी वेळ आली तर तो म्हणू शकतो की व्हिप म्हणजे पक्षादेश होता, नेतृत्वाचा निर्णय होता, माझा नाइलाज होता. सँडर्स यांना हे म्हणण्याची सोय नव्हती. निर्णय कुणाचा, तर त्यांचा.

पण ज्या विषयाने त्यांचा पिच्छा कधीच सोडला नाही तो बंदुकांचा. यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ थांबते.

व्हरमाँट हे शिकारीचं राज्य. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की बाप लेकाला, लेकीला घेऊन रानात जातो. घरात बंदूक असणं ही तिथे मिरवण्याचीही बाब नाही आणि लपवण्याचीही नाही. त्या काळात राज्यात बंदुकांवर निर्बंध जवळजवळ नव्हतेच. १९८८ मध्ये सँडर्स यांना हरवणारे रिपब्लिकन पीटर स्मिथ निवडून गेले आणि लष्करी धाटणीच्या रायफलींवरील बंदीला त्यांनी पाठिंबा दिला. बंदूकधारकांची बलाढ्य संघटना त्यांच्यावर उलटली आणि १९९० मध्ये स्मिथ पडले. गंमत म्हणजे त्या रायफलींवर बंदी हवी हे सँडर्स स्वतः १९८८ च्या प्रचारात बोलले होते. संघटनेचं त्यांच्यावर प्रेम नव्हतं, स्मिथ यांच्यावर राग होता, आणि त्याचा फायदा सँडर्स यांना झाला हे नाकारता येत नाही.

मग १९९३ मध्ये ब्रेडी विधेयक आलं. पिस्तूल विकत घेणाऱ्याने काही दिवस थांबायचं आणि त्या काळात त्याची पार्श्वभूमी तपासायची, असं त्याचं स्वरूप. ते मंजूर झालं. सँडर्स यांचं मत: विरोधात. मुदत किती असावी हे राज्यांनी ठरवावं, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, रायफलींवरची बंदी ज्यात होती त्या मोठ्या गुन्हेगारीविरोधी कायद्याला मात्र ते बाजूने. त्याच कायद्यात तुरुंग वाढवण्याच्या तरतुदी होत्या, ज्यांच्यावर त्यांनी भाषणात कडक टीका केली होती, आणि स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या तरतुदीही होत्या, ज्यांच्यासाठी आपण मत दिलं असं त्यांनी सांगितलं. एकाच कायद्यात नको ते आणि हवं ते एकत्र बांधलेलं असतं, आणि बटणं दोनच. लोकप्रतिनिधीच्या कामातला हा भाग आपल्या चर्चांमध्ये येतच नाही.

२० ऑक्टोबर २००५. बंदूक बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांवर, त्यांच्या बंदुकीने तिसऱ्याच कुणी गुन्हा केला तर, दावा लावता येणार नाही, असं संरक्षण देणारा कायदा. २८३ विरुद्ध १४४. बाजूने: २२३ रिपब्लिकन, ५९ डेमोक्रॅट, १ अपक्ष. पुन्हा तीच तिसरी ओळ, पुन्हा तोच एकचा आकडा, फक्त रकाना दुसरा. गावातल्या छोट्या दुकानदाराने कायदेशीरपणे विकलेल्या बंदुकीचा पुढे कुणी गैरवापर केला तर दुकानदाराला का धरायचं, हे त्यांचं समर्थन.

हे मत मला मुळीच पटत नाही. व्हरमाँटच्या छोट्या दुकानदाराच्या आडून त्या कायद्याने देशभरच्या बड्या कंपन्यांना चिलखत दिलं. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यांच्यापैकी काही कुटुंबांनी बंदुकीच्या कंपनीवर दावा लावला तेव्हा हाच कायदा त्यांच्या वाटेत आडवा आला. जाहिरातीच्या कायद्याची पळवाट शोधून ते लढले आणि २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर नऊ वर्षं उलटली होती. सँडर्स अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरले तेव्हा २०१५-१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी सभांमधून आणि वादसभांमधून नेमकी हीच मतं बाहेर काढली. सँडर्स यांना उत्तरं द्यावी लागली. आधी त्यांनी समर्थन केलं, मग काही भाग बरोबर होता काही नव्हता असं म्हटलं, आणि शेवटी तो कायदा मागे घेण्याच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. त्याआधी २०१३ मध्ये खरेदीदारांच्या तपासणीची व्याप्ती वाढवणाऱ्या प्रस्तावाला त्यांनी बाजूने मत दिलं होतंच.

एका माणसाची भूमिका बदलताना इतकी स्पष्ट, तारीखवार दिसते, हे मला त्या नोंदीमधलं सर्वात मौल्यवान वाटतं. त्यांनी मत का बदललं? मुलांची प्रेतं पाहून, की व्हरमाँटबाहेरच्या मतदारांची गरज लागली म्हणून? माझ्या वर्गात यावर दरवर्षी भांडण होतं. व्हायलाच हवं. पण हे भांडण करायला हातात कागद लागतो.

एकट्याचं राजकारण करणाऱ्याला कुणाच्या तरी पंगतीला बसावंच लागतं. समित्यांवरच्या जागा, बोलायला वेळ, कर्मचारी, हे सगळं पक्षांच्या मार्फत मिळतं. १९९१ मध्ये दक्षिणेतल्या पुराणमतवादी डेमोक्रॅटांना हा स्वतःला समाजवादी म्हणवणारा गृहस्थ आपल्या गटात नको होता. अखेर तोडगा निघाला, समित्या मिळाल्या, आणि तेव्हापासून सँडर्स डेमोक्रॅटांच्या सोबत बसतात. २००६ आणि २०१८ मध्ये त्यांनी व्हरमाँटमध्ये त्या पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकली आणि मग उमेदवारी नाकारून अपक्षच उभे राहिले. त्यांचे टीकाकार विचारतात की मग हे अपक्षपण कसलं, बहुतेक वेळा मत तर डेमोक्रॅटांबरोबरच पडतं. प्रश्न रास्त आहे. ५ ऑगस्ट १९९३ ला बिल क्लिंटन यांचं अंदाजपत्रक २१८ विरुद्ध २१६ असं काठावर तरलं, तेव्हा २१७ डेमोक्रॅटांच्या जोडीला २१८ वं मत सँडर्स यांचं होतं. ते फिरले असते तर बरोबरी होऊन अंदाजपत्रक पडलं असतं. ते फिरले नाहीत.

काठावरच्या बहुमतात अपक्षाची किंमत काय होते हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९९५ मध्ये आपल्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले, त्यातले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर. शिवसेना-भाजपच्या १३८ जागा होत्या, बहुमताला १४५ हवे होते, आणि मनोहर जोशींचं सरकार अपक्षांच्या पाठिंब्याच्या पत्रांवर उभं राहिलं. तेव्हापासून आपल्याकडे अपक्ष म्हटलं की आधी पाठिंब्याचं पत्रच आठवतं, मग हॉटेल, मग महामंडळ. ही बदनामी सरसकट बरोबर नाही, पण ती उगाच झालेली नाही. त्याची किल्ली मला वाटतं इथे आहे: अपक्षाने पाठिंबा देताना नेमकं काय मागितलं आणि पुढे कशावर काय मत दिलं, हे तपासायला मतदाराकडे काहीच नसतं.

सँडर्स यांनी काय मागितलं याची नोंद सापडते. २००९ मध्ये आरोग्य विम्याचा मोठा कायदा सिनेटमध्ये आला तेव्हा त्यांना सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा हवा होता. त्यांनी तशी दुरुस्ती मांडली. एका रिपब्लिकन सिनेटरने ती सातशेहून अधिक पानांची दुरुस्ती शब्दन् शब्द वाचून दाखवण्याची मागणी केली. कारकून वाचत राहिले, तास उलटत गेले, मूळ विधेयकाचा वेळ जाऊ लागला, आणि सुमारे तीन तासांनी सँडर्स यांनी स्वतःच दुरुस्ती मागे घेतली. २४ डिसेंबरला कायदा ६० विरुद्ध ३९ असा मंजूर झाला. चर्चा थांबवून मतदानापर्यंत पोहोचायलाच ६० मतं लागत होती, त्यात एकही कमी पडून चालणार नव्हतं. त्यांनी मत दिलं, आणि त्या कायद्यात गरीब वस्त्यांतल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांसाठी ११ अब्ज डॉलरची तरतूद झाली. वर्षभराने, १० डिसेंबर २०१० ला, श्रीमंतांच्याही करसवलती चालू ठेवणाऱ्या तडजोडीविरुद्ध ते सिनेटमध्ये साडेआठ तास उभे राहून बोलले. कायदा ८१ विरुद्ध १९ असा झालाच.

२०२१ मध्ये सिनेट ५० विरुद्ध ५० झालं. डेमोक्रॅटांच्या बाजूच्या पन्नासात दोन अपक्ष होते, व्हरमाँटचे सँडर्स आणि मेन राज्याचे अँगस किंग. ५ मार्चला किमान वेतन ताशी १५ डॉलर करण्याची दुरुस्ती सँडर्स यांनी मतदानाला टाकली. ती पडणार हे त्यांना ठाऊक होतं. ४२ विरुद्ध ५८. विरोधात गेलेल्या आठ सोबत्यांमध्ये सात डेमोक्रॅट होते आणि आठवे अँगस किंग. दोन अपक्ष, एकाच बाकावरचे, आणि मतं दोन टोकांची. त्या दिवशी कामगारांना कळलं की आपल्या बाजूने कोण नव्हतं. पडणाऱ्या दुरुस्तीवर मतदान घ्यायला लावण्याचा हा खरा उपयोग आहे.

आता आपल्याकडचं सांगते. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायद्याने पक्षाचा आमदार-खासदार व्हिपला बांधला गेला आहे. व्हिपविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. अपक्षाला व्हिप नाही. निवडून आल्यावर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर मात्र त्याचंही सदस्यत्व जातं. म्हणजे स्वतःच्या बुद्धीने मत देण्याची पूर्ण मोकळीक या सभागृहांत कुणाला असेल तर ती अपक्षाला आहे. आणि ते मत आपण मोजत नाही. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. मग 'होय'चे बहुमत, आणि विधेयक संमत. त्या आवाजात अपक्षाचा आवाज कुठला? कुणी मतविभागणी मागितली आणि ती मिळाली तरच नावं येतात. उलट राज्यसभेच्या निवडणुकीत, जिथे अपक्षाच्या एकेका मतासाठी जिवाचं रान होतं, तिथे पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते आणि अपक्षाने ती कुणालाच दाखवायची नसते. त्याचं मत जिथे मोजलं जातं तिथे ते गुप्त, आणि जिथे उघड असतं तिथे मोजलंच जात नाही. मला याचा संताप येतो.

आपल्याला नावानिशी मतदान जमत नाही असंही नाही. जुलै २०२२ मध्ये विश्वासदर्शक ठरावावर विधानसभेत शिरगणती झाली. एकेक आमदार उभा राहून नाव आणि क्रमांक सांगत गेला, आणि १६४ विरुद्ध ९९ हा निकाल सगळ्या महाराष्ट्राने दूरदर्शनवर ऐकला. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं झालं. घटनादुरुस्ती असल्याने मतं मोजणं भाग होतं, म्हणून ते दोन विरोधक कोण हे आपल्याला माहीत आहे: असदुद्दीन ओवेसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. मुस्लिम आणि ओबीसी स्त्रियांना त्यात वाटा नाही, असं कारण त्यांनी दिलं. मला ते आरक्षण हवं होतं, पण त्या दोघांशी मी वाद घालू शकते, संभाजीनगरचा मतदारही घालू शकतो. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक आलं. नागरिकांच्या अटकेशी, संघटनांवरच्या बंदीशी संबंधित असा गंभीर विषय, आणि निकाल आवाजी मतदानाने. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला, हे आपल्याला वर्तमानपत्रांतून कळलं. बाकीच्या आमदारांपैकी कुणाचं काय म्हणणं होतं? त्या वेळी सभागृहात असलेल्या अपक्षांचं काय? त्या कायद्याखाली उद्या कुणाला धरलं तर त्या माणसाच्या आईने कुणाच्या दारात जाऊन विचारायचं?

सँडर्स यांच्या नोंदीतली एक रांग अजून सांगायची राहिली. गाझातल्या युद्धाची. २०२३ च्या अखेरीस कायमच्या युद्धबंदीची मागणी करायला ते तयार नव्हते, आणि त्यांच्या तरुण समर्थकांनी त्यांना त्याबद्दल धारेवर धरलं. १६ जानेवारी २०२४ ला त्यांनी अमेरिकी शस्त्रांचा गाझात कसा वापर होतो आहे याचा फक्त अहवाल मागणारा ठराव सिनेटमध्ये आणला. सोबत मिळाली एकूण ११ मतं, विरोधात ७२. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्राएलला जाणारी काही शस्त्रं रोखण्याचे तीन ठराव त्यांनी मतदानाला टाकले. तिन्ही पडले, सगळ्यात जास्त मतं मिळालेल्या ठरावाला १९. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा आणले, तेव्हा मतं घटून १५ झाली. ३० जुलै २०२५ ला, उपाशी मुलांची छायाचित्रं जगभर पोहोचल्यानंतर, रायफलींची विक्री रोखण्याच्या ठरावाला २७ मतं पडली आणि विरोधात ७०. म्हणजे त्या दिवशी डेमोक्रॅटांच्या बाकांवरचे निम्म्याहून अधिक सिनेटर त्यांच्या बाजूने आले होते. तोही ठराव पडला.

११, १९, १५, २७. वर्गात मी हे चार आकडे फळ्यावर लिहिते आणि मुलांना प्रत्येक ठरावाची नावांची यादी देते. एप्रिलमध्ये विरोधात असलेलं कुठलं नाव जुलैमध्ये बाजूने आलं ते त्यांनी पेन्सिलने खुणा करून शोधायचं असतं. तास संपल्याची घंटा होते तेव्हा निम्मी यादी झालेली असते, आणि काही मुलं ती घरी घेऊन जाऊ का म्हणून विचारतात.